रात्रपाळीहून परतताना गाडीवर डोळा लागतोय, उपाय सांगा (तातडीचं)

ओला_स्लॅब
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. नवी मुंबईत उलव्याला बांधकामाची साइट आहे, महिनाभर रात्रपाळी लागलीय. सकाळी परत येताना पाम बीच रोडवर झोप अनावर होते. चहा, कॉफी, तोंडावर पाणी, सगळं करून झालं. काल सानपाड्याचा सिग्नल कधी गेला ते आठवतच नाही. हिरवा होता की लाल, तेही नाही. वाशीच्या पुलावर खाडीचा वास नाकात घुसला तेव्हा भानावर आलो. झोप उडवायचं खात्रीचं काहीतरी सांगा, गोळी असेल तर गोळी. आज रात्री पुन्हा जायचंय. 'नोकरी बदला' कृपया नको.

खाडीपूल
अटल सेतू घ्या की. उलव्यात शिवाजीनगरला चढायचं, शिवडीला उतरायचं. ना सिग्नल, ना पाम बीच. मी रोज जातो.

मीनल_सिस्टर
आधी सांगा, राहता कुठे? दुचाकी की चारचाकी? पाळी किती तासांची? दिवसा झोप किती होते? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

ओला_स्लॅब
ताई, दुचाकीच, दुसरं काय असणार! चेंबूर. पाळी आपली नेहमीची.

खाडीपूल
मग सेतू बाद. दुचाकीला बंदी आहे तिथे. आधी लिहायचं ना राव.

बेस्टवाले_काका
मी ३१ वर्षं स्टिअरिंगवर काढली. डेपोतून पहिली गाडी माझी असायची, म्हणजे घरून तीनला निघायचं. एकदाही डुलकी नाही. कारण सांगतो, दाढेखाली लवंग. झोप आली की चावायची, डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. दुसरं, जॅकेटची चेन उघडी ठेवायची, छातीला वारा लागला पाहिजे. हल्लीची मुलं कानात गाणी घालून चालवतात, मग झोप येणारच. आमच्या वेळी गाडीत इंजिनाचा आवाजच एवढा असायचा की मेलेला उठून बसेल.

मीनल_सिस्टर
काका, मान ठेवून सांगते, लवंगेने जीभ जागी राहते, मेंदू नाही. मी १४ वर्षं आयसीयूत रात्रपाळ्या करतेय. ते जे 'सिग्नल आठवत नाही' म्हणतायत ना, ती झोपच होती, डोळे उघडे असले तरी. चार सेकंदांची पुरते. साठच्या वेगाने चार सेकंदांत गाडी ६६ मीटर जाते. चाळीस फुटी पाच कंटेनर एकापुढे एक उभे करा, तेवढं अंतर तुम्ही झोपेत कापता.

दादा, गोळी बिळी नको. निघण्याआधी कॉफी प्यायची आणि लगेच साइटवरच आडवं व्हायचं, २० मिनिटांचा गजर लावून. कॉफीला चढायला तेवढाच वेळ लागतो, दोन्हींचा फायदा एकदम होतो. अर्ध्या तासाच्या वर झोपू नका, उठल्यावर डोकं जड होतं.

बेस्टवाले_काका
कॉफी पिऊन झोपायचं? हे म्हणजे जेवून उपास करायचा. ३१ वर्षं ताई, ३१ वर्षं.

कायद्याचं_बोला
एक महत्त्वाचं. जाता-येता अपघात झाला तर भरपाई मिळत नाही असं कंपन्या सांगतात, ते मानू नका. एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून जाताना वाटेत अपघातात गेला. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांच्या बाजूने निकाल दिला, १९२३ च्या भरपाई कायद्याखाली. फक्त अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कायद्यात अशी तरतूद २०१० पासून होतीच. हजेरीची नोंद जपून ठेवा.

ओला_स्लॅब
अहो साहेब, मेल्यावरचं नंतर बघू. मला उद्या सकाळचं सांगा.

गेट_नंबर_३
मी दुसऱ्या एका साइटवर सेफ्टी बघतो. 'नेहमीची पाळी' म्हणजे किती? आकडा द्या. आणि शेवटचं कधी उठला होतात तेही.

ओला_स्लॅब
आठ ते आठ. पण स्लॅब असला की दहा होतात. काँक्रीटचे मिक्सर रात्रीच येतात, शेवटचा सहाला आला तर पंप धुऊन, तपासणीचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरून, चलनं जुळवून निघेपर्यंत दहाच. काल झोपेतून उठलो दुपारी एकला, वरच्या मजल्यावर टाइल्स फोडतायत.

गेट_नंबर_३
म्हणजे गाडीला किक मारली तेव्हा २१ तास जागे. सलग १७ तास जागरण झालं की माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे मंदावतात, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३. दारू पिऊन कोणी तुमच्या साइटवर आला तर गेटवरून परत पाठवता ना?

आणि येताना रस्ता कुठला, आम्र मार्ग? बंदराकडचे ट्रेलर असतात तिथे. त्यांच्या डाव्या अंगाला दुचाकी आली की ड्रायव्हरला दिसतच नाही. ट्रेलरच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, एवढं धरून चाला.

जागा_हवी
उलव्यात वन बीएचकेचा भाव सध्या काय चाललाय? स्टेशनजवळ असेल तर.

खाडीपूल
विमानतळाच्या नावाखाली काहीही सांगतात. सेक्टर कोणता बघताय?

मीनल_सिस्टर
भावाचं वेगळा धागा काढून बोला हो. दादा, तुम्ही चेंबूरचे, म्हणजे हार्बर लाइनवरचे. उलव्यात बामणडोंगरी, खारकोपर अशी स्टेशनं आहेत. नेरूळला गाडी बदलली की थेट चेंबूर. गाडीवर यायचंच कशाला?

ओला_स्लॅब
साइटपासून स्टेशन दोन किलोमीटर आहे, गाड्या कमी. शिवाय मागे ज्युनिअर असतो, त्याला मानखुर्दला सोडतो. तोही झोपतो बिचारा. त्याचं हेल्मेट माझ्या पाठीवर टक्क करून आपटतं तेव्हा मला जाग येते. तसा उपयोगच आहे त्याचा.

मीनल_सिस्टर
मागे माणूस बसतो हे तुम्ही आत्ता सांगताय??

गेट_नंबर_३
काय बोलावं कळत नाही. किती वर्षांचा आहे?

ओला_स्लॅब
२३. डिप्लोमा.

बेस्टवाले_काका
बाळा, माझी लवंग राहू दे. मागच्याला घेऊन असं चालवू नकोस. आमच्याकडे रात्री उशिरा गाडी लावणारे डेपोतच आडवे व्हायचे, उजाडल्यावर घरी जायचे. एकदाही डुलकी नाही म्हणालो ते खरं नव्हतं. एकदा पहाटे शीवला दुभाजकाला घासली होती. रिकामी गाडी होती म्हणून वाचलो.

गेट_नंबर_३
प्रोजेक्ट मॅनेजरला दोन ओळी लिहा. स्लॅबच्या रात्री सकाळी स्टेशनपर्यंत साइटची जीप मागा. तोंडी नको, मेलवर. आणि स्लॅबचा शेवट दिवसपाळीच्या माणसाच्या अंगावर टाका, क्यूब तो भरेल.

ओला_स्लॅब (तीन दिवसांनी)
मेल केला. उत्तर नाही, पण आज सकाळी जीप गेटवर उभी होती. कॉफी पिऊन ड्रॉइंगच्या टेबलावर आडवा झालो, २० मिनिटांचा गजर लावला. वॉचमनने उठवलं तेव्हा पाऊण तास झाला होता, गालावर स्टीलच्या शेड्यूलचा कागद चिकटलेला. गाडी साइटवरच ठेवली. खारकोपरहून नेरूळ, नेरूळला बसायला जागा मिळाली. डोळे उघडले तेव्हा चेंबूर मागे टाकून मस्जिद स्टेशन. ज्युनिअरला मानखुर्दला उतरायचं होतं, तोही शेजारीच, तोंड उघडं टाकून.

बेस्टवाले_काका
लवंग ठेवा खिशात.

जागा_हवी
स्टेशनपर्यंत जीप मिळते म्हणजे साइट नक्की कोणत्या सेक्टरला आहे?