एकाच दिवसाचे दोन नकाशे, एकात बर्फ कमी एकात गच्च, खरं कुठलं?

गारठा:
आर्क्टिकच्या बर्फाचे रोजचे नकाशे बघायचा नाद लागलाय, कामधंदा सोडून तेच. जुलैत एकाच तारखेला एकाच जागी मायक्रोवेव्हवाल्या (सॅटेलाइटने टिपलेल्या मायक्रोवेव्ह लहरींवरून आपोआप बनणाऱ्या) नकाशात ६० टक्के बर्फ आणि जहाजांसाठी बर्फसेवेची माणसं हाताने काढतात त्या चार्टवर जवळपास गच्च. १९७८ पासून सॅटेलाइटने बघतायत आणि तरी बर्फ आहे की पाणी यावरच एकमत नाही? मग सप्टेंबरचा, म्हणजे बर्फ सगळ्यात कमी असतो तेव्हाचा, अंदाज कशाच्या जिवावर देतात?

खारे_पाणी:
नकाशाला डबकी दिसतायत हो. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेलं पाणी साचतं, मायक्रोवेव्हला फक्त वरचा थर कळतो, खाली दीड मीटर बर्फ असला तरी त्याला ते डबकं आणि उघडा समुद्र सारखंच. चार्ट काढणारा माणूस रडारची इमेज उघडून बसतो, तुकड्यांच्या कडा बघतो, कालचा चार्ट शेजारी ठेवतो, आणि जहाज अडकायला नको म्हणून शंका आली की बर्फच धरतो. त्याचं काम वेगळं, नकाशाचं वेगळं. बातम्यांत जो 'एक्स्टेंट' येतो त्यात १५ टक्क्यांच्या वर बर्फ असलेला चौकोन अख्खा मोजतात, म्हणजे तुमचे ६० आणि गच्च दोन्ही तिथे एकच, डबक्यांचा घोळ बराचसा त्यातच जिरतो. बाकी मायक्रोवेव्ह नकाशाचा जुना चौकोन २५ किमीचा, सेंटिनेल-१ या रडार सॅटेलाइटचा रुंद मोड ४० मीटरच्या पिक्सेलचा, पण रडारला वाऱ्याने खवळलेलं पाणीसुद्धा बर्फासारखंच उजळ दिसतं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

जुनी_फाईल:
वरच्याला +१, पण अंदाज बिघडतो तो यामुळे नाही, जाडीमुळे. वरून क्षेत्रफळ दिसतं, १ मीटरचा बर्फ की ३ मीटरचा ते दिसत नाही, आणि ऑगस्टपर्यंत कोण टिकणार ते तर जाडीच ठरवते.

क्रायोसॅट-२ (रडारवाला सॅटेलाइट, २०१०) आणि आइससॅट-२ (लेझरवाला, २०१८) बर्फ पाण्याच्या किती वर आलाय ते मोजतात. वर येतो जेमतेम दहावा भाग, म्हणजे उंचीत ५ सेंमी चुकलात की जाडीत अर्धा मीटर गेला. त्यात वर हिम. (मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, इथे हिम म्हणजे वर पडलेलं भुसभुशीत.) लेझर हिमाच्या माथ्यावरूनच परततो, रडार हिमातून खालच्या बर्फापर्यंत जातो असं आपण धरून चालतो, पण हिम ओलं किंवा खारट असलं की तो मध्येच अडकतो. मग हिम किती? तर बरीच वर्षं १९५४ ते १९९१ या काळात सोव्हिएत तरंगत्या स्टेशनांवर पट्टी खुपसून मोजलेल्या आकड्यांची सरासरी लावत होते!! तो बर्फ जुना, कित्येक हिवाळे काढलेला. आता समुद्र उशिरा गोठतो, शरद ऋतूतलं बरंचसं हिम सरळ पाण्यात पडतं, म्हणून नव्या बर्फावर तो आकडा अर्धा करून लावायची पद्धत पडली. २०२० मध्ये क्रायोसॅटची कक्षा थोडी वर उचलली, लेझर आणि रडार थोड्या तासांच्या अंतराने एकाच बर्फावरून जावेत म्हणून, दोघांच्या फरकातून हिमाची जाडी काढायची. पुढचा सॅटेलाइट क्रिस्टल तर दोन फ्रिक्वेन्सीचा रडारच घेऊन जाणार आहे.

अंटार्क्टिकाचं विचारूच नका. तिथे हिमाच्या ओझ्याने बर्फ पाण्याखाली दाबला जातो, खारं पाणी वर येऊन हिमात गोठतं, उंची जवळपास शून्य. मोजणार काय?

पोपट_यंत्र:
एआय राहिलंच की. २०२१ मध्ये आइसनेट आलं, हवामान मॉडेलांच्या सिम्युलेशनवर शिकवलेलं, सहा महिने पुढचं सांगतं, आणि उन्हाळ्याच्या अंदाजात दोन महिने किंवा त्याहून पुढचं बघितलं तर नेहमीच्या मोठ्या मॉडेललाही मागे टाकतं. एवढं हिम-हिम कशाला करायचं?

जुनी_फाईल:
@पोपट_यंत्र अहो ते चांगलंच आहे, मी कुठे नाही म्हणतोय. पण मेच्या आधी केलेला सप्टेंबरचा अंदाज यंत्राचा असो की माणसाचा, ढेपाळतोच. कुठला बर्फ आधी काळवंडला, कुठे डबकी आधी साचली यावर पुढचं सगळं ऊन शोषलं जातं आणि ते मे-जूनमध्येच ठरतं. आणि वादळ. ऑगस्ट २०१२ चं आर्क्टिकमधलं चक्रीवादळ महिनाभर आधी कोणी सांगणार होतं? तेव्हा बर्फ आधीच पातळ होता म्हणून ते एवढं झोंबलं. एआयचा खरा उपयोग मला वाटतो उन्हाळ्याच्या जाडीत: डबकं कुठलं आणि बर्फातली भेग कुठली हे रडारच्या परतलेल्या लाटेवरून ओळखायचं. ते २०२२ मध्ये जमवलं, तोवर मे ते सप्टेंबर जाडीचा रकाना कोराच असायचा.

गारठा:
म्हणजे मी दोन वर्षं क्षेत्रफळच बघत बसलो होतो 😅 आत्ताच जुलैचा तो चार्ट परत काढला, त्या जागी खरंच 'जुना बर्फ' असा कोड आहे, तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. एप्रिलची जाडीची फाईल उतरवतोय, उघडली नाही तर इथेच येऊन बोंब मारणार.