विमानावर लेझर: पोराला समज द्यावी की पोलिसात द्यावं?

गच्चीवरचा (धागा काढणारा)

छत्रपती संभाजीनगरला मुकुंदवाडीत राहतो, विमानतळाजवळ. उतरणारं विमान आमच्या डोक्यावरून जातं, चाकं मोजता येतील इतकं खालून. विमान आलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि गेलं की कमी करायचा, हे आमच्याकडे लेकरांनाही सांगावं लागत नाही. परवा रात्री लाइट गेली म्हणून सगळे गच्चीवर बसलो होतो. पुतण्या आठवीत आहे. कर्णपुऱ्याच्या जत्रेतून दीडशे रुपयांना घेतलेला हिरवा लेझर त्याच्या हातात. विमान आलं तसा त्यानं तो वर धरला आणि ओरडला, "काका, लागला बघा पोटाला!" शेजारच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी लेझर हिसकावला आणि एक ठेवून दिली. वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मला मात्र रात्रभर १९९३ आठवत होतं. नव्या लोकांसाठी सांगतो. २६ एप्रिलला इथल्याच चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या टोकाच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला लागलं, पुढे विजेच्या तारांत गेलं आणि पडलं. ५५ माणसं गेली. मी सातवीत होतो. वडील सायकल घेऊन बघायला गेले आणि परत आल्यावर जेवले नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. हे लेझर विकायलाच बंदी पाहिजे, आणि विमानावर मारणारा पोरगा असेल तर त्याच्या बापावर गुन्हा नोंदवावा. तुम्हाला काय वाटतं?

पाटील_आडमुठे

बापावर म्हणजे तुमच्या सख्ख्या भावावर की. आधी घरात विचारा, मग धागा काढा.

आता मुद्द्याचं. १९९३ चा दाखला इथं लागू होत नाही. तिथं ट्रक होता, लेझर नव्हता. चौकशीतून निघालं ते असं की वैमानिकानं विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहनं कुणी थांबवली नाहीत. म्हणजे चुका मोठ्यांच्या, पगारी माणसांच्या. जगात आजवर लेझर मारल्यामुळे प्रवासी विमान पडल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. साठ टनांचं धूड कुठं आणि दीडशे रुपयांचं खेळणं कुठं. पोराला थापड मिळाली, विषय संपला. पोलीस स्टेशनची पायरी चढवून त्याचं काय भलं होणार आहे?

नांदेडचा मास्तर

पाटील, लेझरनं विमान पडल्याचं उदाहरण मलाही माहीत नाही, ते तुमचं मान्य. पण लेझर विमान पाडतो असं कुणी म्हणतच नाही. तो विमान चालवणाऱ्याला नेमक्या वेळी आंधळं करतो.

मी विज्ञान शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो. तुम्हाला भिंतीवर जो ठिपका दिसतो तो लांब जाताना ठिपका राहत नाही. साधा पॉइंटर एक किलोमीटरवर साधारण मीटरभर पसरतो. म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांत टाचणी टोचत नाही, अख्खी काचच पेटते. विमानाच्या काचेवर बारीक ओरखडे असतात, धूळ असते, प्रकाश त्यांवर आपटून सगळीकडे फुटतो. रात्री एसटीच्या पुढच्या सीटवर बसून समोरच्या ट्रकचा अप्पर दिवा अंगावर घेतला असेल तर कळेल. त्यात धरणाऱ्याचा हात थरथरतो, त्यामुळे उजेड सलग येत नाही. लखलख येतो.

आता हिरवाच का वाईट. अंधाराला सरावलेला डोळा हिरव्यानं फार लवकर दिपतो. तेवढ्याच ताकदीचा लाल त्याला कितीतरी मंद वाटतो. आणि डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ती सवय एका झटक्यात मोडते, परत मात्र तेवढ्यात येत नाही.

पाच मिलिवॅटचा हिरवा लेझर धरा. डोळ्याला इजा होण्याचं अंतर जेमतेम सोळा मीटर. डोळ्यांपुढे काजवे चमकायचं अंतर ऐंशी मीटर. दिपून समोरचं न दिसण्याचं साडेतीनशे मीटर. लक्ष विचलित होण्याचं तब्बल साडेतीन किलोमीटर. आणि ताकद शंभरपट केली की ही सगळी अंतरं दहापट होतात. जत्रेतल्या वस्तूवर "५ मिलिवॅट" छापलेलं असतं त्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या मानक संस्थेनं १२२ पॉइंटर तपासले होते, त्यांतले हिरवे जवळपास नव्वद टक्के तिथल्या मर्यादेत बसले नाहीत. छापील आकड्यापेक्षा किती तरी जास्त उजेड पोराच्या मुठीत असतो.

वर्गात मी हे करून दाखवतो. हेल्मेटची जुनी, ओरखडलेली काच घ्यायची आणि तिच्यामागे वापरात नसलेला जुना मोबाइल कॅमेरा चालू करून ठेवायचा. (पोराचा डोळा कधीच नाही. कॅमेरा जळाला तर जळू द्या.) खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळ्यावर खडूनं मोठ्ठा ३ लिहायचा. लेझर काचेवर पडला की मोबाइलमध्ये सगळं हिरवं होतं आणि तो ३ गायब. पोरं एकदम गप्प होतात. त्या एका तासानंतर माझ्या वर्गातल्या कुणी विमानाकडे लेझर धरला असेल असं मला वाटत नाही.

पाटील_आडमुठे

मास्तर, तास छान घेतलात. पण कॉकपिटमध्ये दोघं असतात. एक दिपला तर दुसरा आहे. शिवाय यंत्रं आहेत, ऑटोपायलट आहे. डोळे मिटून उतरवतात म्हणे आजकाल.

माजी_वायुसैनिक_लातूर

डोळे मिटून कुणी उतरवत नाही हो. मी पंधरा वर्षं तळावर नोकरी केली, जमिनीवरची. शेवटचा टप्पा बहुतेक वेळा वैमानिक हातानंच घेतो. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात, दोन लाल दोन पांढरे दिसले तर उंची बरोबर. चारही लाल दिसले तर तू फार खाली आहेस. त्याची नजर त्या दिव्यांवर असते आणि तुमच्या पुतण्याचा हिरवा झोत नेमका त्याच बाजूनं येतो. दोघांची काच शेजारीशेजारी, दिपायचं तर दोघंही दिपतात.

हिशेब करून बघा. धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर विमान फक्त अडीचशे-पावणेतीनशे मीटर उंच असतं. वेग ताशी अडीचशेच्या वर. टेकायला जेमतेम सत्तर सेकंद उरतात. त्यातली दहा सेकंद गेली तर विमान पडेलच असं नाही, पण तो परत वर घेऊन चक्कर मारेल, इंधन जाळेल, आत बसलेले दीडशे जण देव आठवतील. २०१६ च्या फेब्रुवारीत लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं व्हर्जिन अटलांटिकचं विमान लेझर लागल्यावर सहवैमानिकाला बरं वाटेना म्हणून हीथ्रोला परत आणावं लागलं. अपघात झाला नाही. पण अपघात झाला नाही म्हणून काहीच झालं नाही, असं म्हणाल का?

गोदाकाठ

मास्तर, म्या पैठणकडचा. खरं सांगू का, आमच्या गावानं हे केलंय. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडं ड्रोनचं लई झालतं ना, रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात म्हणून. आमी पंधरा-वीस जण काठ्या घेऊन वस्तीवर जागायचो. रानडुकरं हाकलायला एकानं मोठा लेझर आणलेला, बॅटरीएवढा. आभाळात लाल-हिरवा दिवा लुकलुकला की सगळे वरडायचे, "मार, मार त्याच्यावर!" दोन-तीन रात्री मारला. नंतर एक पोरगं मोबाइलमधी विमानाचं ॲप बघून म्हनलं, आबा, हे तर विमान हाय, लई वर हाय. सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बघायलेत. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं की विमानालाबी लाल-हिरवा दिवा असतो.

आता मला सांगा, आमच्यावर गुन्हा टाकला असता तर? आमी चोर धरायला निघालतो.

पाटील_आडमुठे

हेच म्हणतोय मी. आबा, तुम्ही माझ्या बाजूचे.

गोदाकाठ

मी कुणाच्याच बाजूचा नाही, पाटील. त्या लेझरची नंतर आमालाच भीती वाटली. पण कुणी आधी सांगितलं असतं तर मारला नसता, येवढंच.

बीडचा लाइटवाला

माझा धंदा लाइट आणि डीजेचा. बंदी बंदी करणाऱ्यांनी जरा आमचंही ऐका. २०२३ च्या गणपतीनंतर कोल्हापूर, पुण्याकडं मिरवणुकीतल्या लेझरनं पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यानंतर आमच्यावर सगळ्यांची नजर. बरोबर आहे, आमच्यातल्या काहींनी माणसांच्या तोंडावर बीम सोडले. पण आभाळात बीम सोडा, असं कोण म्हणतं? नवरदेवाचा भाऊ. मंडळाचा अध्यक्ष. "पैसे दिलेत ना, मग गावाला दिसलं पाहिजे." नाही म्हटलं तर पुढची सुपारी दुसऱ्याला. केस झाली की मशीन माझं जप्त, अध्यक्ष हार घालून स्टेजवर. आमचे लेझर मिलिवॅटमध्ये नसतात, वॅटमध्ये असतात, हे मास्तरांनी लक्षात घ्यावं. पोराच्या पेनापेक्षा आम्ही धोकादायक. मी स्वतः आता बीम वर जाऊ नये म्हणून मशीनपुढे काळा पत्रा लावतो. एक गिऱ्हाईक त्यावरून गेलं. गेलं तर गेलं.

वकीलबाई_जालना

थोडं कायद्याचं, कारण वर बरंच काही हवेत चाललंय. आठवीतल्या मुलाची चूक म्हणून बापावर आपोआप गुन्हा होत नाही. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मोठ्या माणसानं केलं तर भारतीय न्याय संहितेचं १२५ कलम आहे, बेदरकार कृतीनं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. १९३७ च्या विमान नियमांतही विमानतळाच्या आसपास फसवे दिवे दाखवायला मनाई आहे. पोलीस सणासुदीला नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली लेझरबंदीचा आदेश काढू शकतात, तो मोडला तर न्याय संहितेचं २२३ लागतं. म्हणजे नवा कायदा मागायची गरज फारशी नाही. अमेरिकेत २०१२ पासून आणि ब्रिटनमध्ये २०१८ पासून यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

पाटील_आडमुठे

बाई, आणि त्या अमेरिकेत २०२३ या एका वर्षात वैमानिकांनी लेझरच्या १३ हजारांवर तक्रारी केल्या. पाच वर्षांची कैद ठेवून त्यांनी काय दिवे लावले? उलट जास्तच लावले की लोकांनी.

वकीलबाई_जालना

कोटी आवडली. पण दारूबंदी असूनही दारू मिळते म्हणून पिऊन गाडी चालवायला मोकळीक देत नाहीत ना कुणी. तक्रारी १३ हजार आल्या याचा एक अर्थ असाही होतो की तिथले वैमानिक तक्रार नोंदवतात.

ताराबघ्या

मी विक्रीबंदीच्या विरोधात आहे, आणि माझा त्यात स्वार्थ आहे. बालाघाटच्या डोंगरावर अंधाऱ्या रात्री शाळेच्या पोरांना तारे दाखवतो. हिरव्या लेझरशिवाय "ती बघ शर्मिष्ठा" म्हणून चाळीस पोरांना सांगून बघा. तो म्हणतो कुठं, हा म्हणतो कुठं, अर्धा तास जातो. आमचा नियम साधा आहे. लेझर एकाच माणसाच्या हातात. बटण दाबायच्या आधी आभाळात हलणारा दिवा आहे का ते मान फिरवून बघायचं. असला तर तो डोंगराआड जाईपर्यंत बोटानंच दाखवायचं. विमानतळाच्या जवळपास आम्ही कार्यक्रमच घेत नाही. बंदी आली तर आम्ही थांबू, जत्रेतला विक्रेता थांबणार नाही.

गच्चीवरचा

एवढं होईल असं वाटलं नव्हतं. बापावरच्या गुन्ह्याचं मागे घेतो. (भावानं धागा वाचलाय. वहिनीनंच त्याला दाखवला.) पण जत्रेत, शाळेच्या दारात ही वस्तू चॉकलेटसारखी मिळू नये, यावर मी ठाम आहे. ताऱ्यांसाठी पाहिजे त्यानं नाव-पत्ता देऊन घ्यावी. शेतात डुकरांसाठी पाहिजे त्यानंही. लाइटवाल्या भाऊंचा काळा पत्रा मला सगळ्यात पटला.

पाटील_आडमुठे

नाव-पत्ता लिहायचं रजिस्टर जत्रेत कोण ठेवणार, पाळणेवाला? असो. त्या लेझरचं काय केलं ते सांगा.

गच्चीवरचा

सेल काढून कपाटावर ठेवलाय. पुतण्या अजून म्हणतो, "एवढ्याशा उजेडानं काय होतंय काका." मास्तर, तुमची शाळा कुठली? घेऊन येतो त्याला एका शनिवारी.

नांदेडचा मास्तर

एवढ्या लांब कशाला. हेल्मेटची जुनी काच आणि वापरात नसलेला एक मोबाइल गाठा आणि त्यालाच करू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. दार-खिडक्या लावा, खोलीतला आरसा झाकायला विसरू नका, कपाटाच्या काचासुद्धा. आणि सेल नवे टाका. उतरलेल्या सेलवर उजेड मंद पडतो, मग पोरगा म्हणेल बघा, मी सांगत होतो.