नाव लपलं याचं दुःख करायचं, की हक्क विकले याचं?

शाईचा डाग

आमच्या वाचनगटात या महिन्यात 'प्राइड अँड प्रेज्युडिस' होतं. चर्चा नेहमीच्या ठिकाणी जाऊन अडकली. जेन ऑस्टिन बिचारी, पुस्तकावर साधं नावही छापता आलं नाही तिला! १८११ साली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' आलं तेव्हा वर नुसतं 'एका लेडीकडून' असं छापलं होतं, वगैरे. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, चहा झाला, पांगलो.

मला ही हळहळ पटत नाही. बाईचं नाव गेलं म्हणून आपण दोनशे वर्षं रडतोय आणि तिचे पैसे कसे गेले हे कुणी विचारत नाही.

१८०३ साली तिने 'सुसान' नावाची कादंबरी लंडनच्या क्रॉस्बी या प्रकाशकाला १० पौंडांत विकली. त्याने जाहिरात केली, पुस्तक मात्र छापलंच नाही. सहा वर्षं वाट पाहून १८०९ मध्ये तिने 'मिसेस अ‍ॅश्टन डेनिस' या खोट्या नावाने खरमरीत पत्र धाडलं. खाली सही एम. ए. डी. जोडून वाचा, म्हणजे बाई किती तापली होती ते कळेल. क्रॉस्बीचं उत्तर असं: कधी छापायचं हे ठरलेलंच नव्हतं, दुसरीकडे छापलंत तर कारवाई करू, हवं असेल तर १० पौंड टाका आणि हस्तलिखित घेऊन जा. तिने ते पैसे भरले १८१६ मध्ये, आणि 'नॉर्दँगर अ‍ॅबी' म्हणून ते पुस्तक बाहेर आलं तेव्हा ती या जगात नव्हती.

आता 'प्राइड'. नोव्हेंबर १८१२ मध्ये तिने त्याचे सगळे हक्क एगर्टन या प्रकाशकाला ११० पौंडांत एकरकमी दिले. तिला हवे होते १५०. जानेवारीत पुस्तक आलं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्यातली दमडीही तिला मिळाली नाही. उलट 'सेन्स' तिने स्वतःच्या जोखमीवर काढलं होतं: छपाईचा खर्च अखेर लेखिकेच्या माथी, प्रकाशकाला विक्रीवर कमिशन, हक्क लेखिकेकडे. त्यात तिला १४० पौंड सुटले आणि वर हक्कही शाबूत. भावाला पत्रात तिने हेच कळवलंय, 'कॉपीराइटला कधी काही किंमत आलीच तर' अशी मखलाशी करून.

म्हणून माझं म्हणणं: निनावी छापणं ही त्या काळची रीत होती. लूट झाली ती करारात.

खडूस प्रूफरीडर

शाईताई, 'लूट' हा शब्द मागे घ्या. मी तीस वर्षं छापखान्यांच्या वाऱ्या केल्या आहेत, त्यामुळे प्रकाशकाची बाजू घेणं मला जड जातं, पण घेतो.

एगर्टनने ११० पौंड दिले तेव्हा 'सेन्स'ची पहिली आवृत्ती संपलेलीही नव्हती, ती संपली पुढच्या जुलैच्या सुमारास. म्हणजे एका अनोळखी बाईच्या दुसऱ्या पुस्तकावर त्याने रोकडा पैसा लावला. पुस्तक पडलं असतं तर ती त्याला पैसे परत करणार होती का? त्यात नेपोलियनशी युद्ध चालू, कागद सोन्याच्या भावाने.

आणि कमिशनचं कौतुक करताय तर 'एम्मा'चाही हिशेब मांडा. जॉन मरे या दुसऱ्या प्रकाशकाने तिला 'एम्मा', 'मॅन्सफील्ड पार्क' आणि 'सेन्स' या तिन्हींच्या हक्कांचे ४५० पौंड देऊ केले होते. बाईंनी नाकारले. मरे म्हणजे लबाड, पण सभ्य लबाड, असं बहिणीला लिहून मोकळ्या झाल्या. मग कमिशनवर 'एम्मा'च्या २,००० प्रती काढल्या. नफा झाला, पण तोवर त्याच मरेने काढलेली 'मॅन्सफील्ड'ची दुसरी आवृत्ती आपटली होती आणि तिचा तोटा यातून वळता झाला. हातात पडले ३८ पौंड आणि काही शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड). चार वर्षांनंतरही 'एम्मा'च्या ५३९ प्रती गोदामात पडून होत्या. लबाडाचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

जुई

दोघंही पैशातच अडकलात. 'रीत होती' म्हणून निनावीपण इतक्या सहज मोडीत काढता येत नाही.

ऑस्टिनच्या आधीची कादंबरीकार फॅनी बर्नी, तिचं उदाहरण घ्या. ती वडिलांच्या संगीताच्या इतिहासाची नक्कल करून द्यायची. छापखान्यातलं कुणी अक्षर ओळखेल म्हणून तिने 'एव्हलिना'ची अख्खी प्रत वळण बदलून लिहून काढली, तीही बरीचशी रात्री जागून. प्रकाशकाकडे वेष पालटून गेला तिचा भाऊ. उत्तरं यायची एका कॉफी हाऊसच्या पत्त्यावर. १७७८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा वडिलांनासुद्धा माहीत नव्हतं, हे आपल्या पोरीचं आहे म्हणून. त्याआधी पंधराव्या वाढदिवशी तिने आपलं तोवरचं सगळं लिखाण जाळून टाकलं होतं. ही नुसती रीत? पोटात गोळा आल्याशिवाय माणूस स्वतःचं अक्षर बदलत नाही.

आणि नाव नसलं की श्रेय कुठे जातं तेही बघा. १८१८ मध्ये मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' निनावी आलं. परीक्षण लिहिणाऱ्या वॉल्टर स्कॉटने ते तिच्या नवऱ्याचं, कवी पर्सी शेलीचं असणार असं धरून चालून लिहिलं. मेरीचं नाव पुस्तकावर आलं १८२३ च्या आवृत्तीत.

आपल्याकडे मालतीबाई बेडेकरांना १९३३ मध्येही 'विभावरी शिरूरकर' व्हावं लागलं, हे विसरू नका.

शाईचा डाग

जुई, अक्षराचा मुद्दा मान्य, तो मी विसरले होते. पण ज्या स्कॉटचं नाव घेतलंस त्यानेच १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' निनावी छापली आणि पुढची कित्येक वर्षं कबूल केलं नाही. तो तर पुरुष, वर नावाजलेला कवी. कादंबरी हीच हलकी जात मानली जायची, तिच्याशी नाव जोडणं बापयांनाही नको होतं. १८१० च्या दशकात इंग्लंडमध्ये नव्या कादंबऱ्या पुरुषांपेक्षा बायकांच्या जास्त निघत होत्या. काही पुरुष तर 'एका लेडीकडून' असं छापून आपला माल खपवत.

शिवाय निनावी म्हणजे अज्ञात नव्हे. बर्नीचं 'कॅमिला' १७९६ मध्ये आलं तेव्हा मुखपृष्ठावर 'एव्हलिना आणि सिसिलियाच्या लेखिकेकडून' एवढंच होतं, पण आत राणीला अर्पणपत्रिका, तीवर बर्नीची सही, आणि एकेक गिनी (पौंडाहून जरा जास्त किमतीचं नाणं) आगाऊ भरणाऱ्या हजारावर वर्गणीदारांची यादी. त्या यादीत स्टीव्हन्टन गावची 'मिस जे. ऑस्टिन'ही आहे, तेव्हा वीस वर्षांची. याला लपणं म्हणायचं?

('विभावरीं'वर वेगळा धागा काढ, मी येते.)

तळटीप

'एव्हलिना'चे मिळाले २० गिनी, 'सिसिलिया'चे २५० पौंड, 'कॅमिला'च्या हक्कांचे १,००० पौंड, वर्गणी वेगळी. 'कॅमिला'च्या पैशातून बाईंनी घर बांधलं आणि त्याला नाव दिलं 'कॅमिला कॉटेज'. आमचं पुस्तक विकून पत्र्याची शेडही झाली नाही.

वकीलमामा

या चर्चेत एक व्यक्ती आली नाही म्हणून लिहितो. शार्लट स्मिथ.

नवरा कर्जबाजारी, उधळ्या. १७८३ च्या अखेरीस कर्जापायी तुरुंगात गेला, ही काही काळ त्याच्याबरोबर तिथे राहिली. १७८४ मध्ये हिने कवितांचं पुस्तक स्वखर्चाने काढलं, आणि जुईताई, त्यावर स्वतःचं नाव छापलं, गावासकट. पुढे १७८७ मध्ये नवऱ्याला सोडलं, पुढच्याच वर्षी पहिली कादंबरी आली, आणि मग जवळजवळ वर्षाला एक या हिशेबाने ती लिहीत राहिली, कारण घरात पोरांचं लेंढार होतं.

आता गंमत बघा. नाव होतं, खप होता, प्रकाशकही नियमित पैसे देणारा. तरी विभक्त राहणारा नवरा येऊन तिची कमाई मागू शकत होता, कारण कायद्याने ती त्याचीच. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्वच संपायचं. तिच्या नावावर करार नाही, मिळकत नाही. १८७० पर्यंत हेच चाललं, आणि त्या सालच्या कायद्यातही अर्धंमुर्धंच मिळालं. धड हक्क १८८२ चा.

म्हणून ऑस्टिनबाईंचा करार मला लूट वाटत नाही. ११० की १५० अशी घासाघीस त्या करू शकल्या, मरेचे ४५० नाकारू शकल्या, कारण लग्न झालेलं नव्हतं. बोलणी भाऊ करायचा खरा, पण पैसे त्यांचे होते. शार्लटबाईंना हे करता आलं नसतं. खलनायक शोधायचाच असेल तर छापखान्यात नको, चर्चच्या विवाह-नोंदवहीत शोधा.

जुई

मामा, हे एकदम आवडलं, पण थोडं निसटतंय. अविवाहित ऑस्टिन 'मोकळी' होती म्हणता, तर १८०९ मध्ये १० पौंड भरून हस्तलिखित का नाही सोडवलं? आई, ती आणि बहीण, तिघी भावांनी पाठवलेल्या पैशांवर भागवत होत्या. करार करायचा हक्क होता, हातात रोकड नव्हती. सोडवलं ते चार पुस्तकांची कमाई आल्यावर.

खडूस प्रूफरीडर

आणि ती कमाई दिली कुणी? प्रकाशकांनी. एवढंच म्हणतोय मी सकाळपासून.

वाचक कोण होते तेही बघा. 'प्राइड'चे तीन खंड १८ शिलिंगना. शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्यापेक्षा कमी. विकत घेणार कोण? वर्गणी भरून पुस्तकं भाड्याने देणारी वाचनालयं घ्यायची. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचा विल्यम लेन तर स्वतःच वाचनालयवाला आणि स्वतःच प्रकाशक, त्याच्या मिनर्व्हा प्रेसने बायकांच्या कादंबऱ्यांचा रतीब घातला. तीन खंड का, तर एक कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरते! लेखिकेला मात्र पैसे एकदाच. पुढे ते पुस्तक शंभर घरांत फिरलं तरी तिच्या वाट्याला काही नाही.

शाईचा डाग

खडूसराव, शेवटची दोन वाक्यं लिहून तुम्ही माझ्याच बाजूला आलात, लक्षात आलं का?

'लूट' शब्द मागे घेते. 'घाईचा सौदा' म्हणू. पण त्या घाईची किंमत पुढेही चुकत नाही. १८३२ मध्ये रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने ऑस्टिनच्या कादंबऱ्यांचे हक्क घेतले. पाच पुस्तकांचे २१० पौंड भाऊ हेन्री आणि बहीण कॅसँड्रा यांना मिळाले. 'प्राइड'चे ४० पौंड गेले एगर्टनच्या वारसांना.

तळटीप

म्हणजे क्रॉस्बीकडून १० पौंडांत सोडवून आणलेली 'सुसान' त्या पाचांत होती.

शाईचा डाग

होती.