शब्दचर्चा: प्रावरण, गाभा आणि उकडलेलं अंडं

मंडळी, मुलीचा भूगोल घेत होते. भूकवच, प्रावरण, गाभा ही पृथ्वीच्या थरांची नावं तिला तोंडपाठ, पण "आई, प्रावरण म्हणजे नक्की काय गं?" असं तिनं विचारलं आणि मी अडखळले. मग एक अंडं उकडलं आणि न सोलता, टरफलासकट सुरीनं मधोमध कापलं. कवच, पांढरा बलक, पिवळा बलक. तेव्हापासून हे शब्द डोक्यातून जात नाहीत, म्हणून इथे मांडते.

आधी प्रावरण. हा शब्द आपण सगळे वापरतो, फक्त जोडीनं: वस्त्रप्रावरणे. प्रावरण म्हणजे अंगावर ओढून घ्यायचं वस्त्र. इंग्रजीतल्या 'मँटल'चाही मूळ अर्थ झगा, म्हणजे ज्यानं कुणी हा प्रतिशब्द योजला त्यानं चोख काम केलंय. तरी तो मुलांना का उलगडत नाही? मला वाटतं, आपण पृथ्वीकडे वरून बघतो म्हणून. हे नाव आतून दिलेलं आहे. थंडीत गाभ्यानं पांघरूण घेतलंय अशी कल्पना केली की शब्द लगेच बसतो. आणि पांघरूणही साधंसुधं नाही, सुमारे 2,900 किलोमीटर जाडीचं! पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा जवळजवळ 84 टक्के भाग हे प्रावरणच आहे.

गाभा तर घरचाच शब्द. गर्भावरून आलेला, गाभारा आणि गाभण यांचा सख्खा. केळीच्या खांबाची सोपटं एकेक करून काढत गेलं की शेवटी हाती येतो तो पांढरा, गार गाभा. त्याची भाजीही करतात. तो कोवळा असतो आणि पृथ्वीचा गाभा लोखंड-निकेलचा, पण 'गाभा' हा शब्द मऊ-कठीण काही सांगतच नाही, जागा सांगतो. म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

कवच या शब्दाबद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. कवच म्हटलं की कर्ण आठवतो, कासव आठवतं, काहीतरी जाडजूड. प्रत्यक्षात खंडांखाली भूकवच सरासरी 35 ते 40 किलोमीटर, हिमालय-तिबेटखाली 70 च्या आसपास आणि महासागरांखाली जेमतेम 7. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. हिशेब केला तर अंड्याचं टरफलसुद्धा प्रमाणानं खंडांखालच्या भूकवचाच्या जवळजवळ तिप्पट जाड ठरतं. इंग्रजीत इथे पावाच्या भाजलेल्या कडेचा शब्द आहे, 'क्रस्ट'. आपल्याकडे त्याच्या जवळचा पापुद्रा, पण भाकरीचा पापुद्रा खाली वाफ धरून सुटा होतो, भूकवच तसं सुटलेलं नसतं. मला सर्वांत योग्य वाटते ती साय. दुधाचीच बनते, वर येते, निवताना धरते. लिहिताना भूकवचच लिहावं, समजावताना साय म्हणावं.

टरफलाची एक गोष्ट मात्र फार उपयोगी पडली. दुसरं अंडं सोलताना टरफलाच्या तुकड्याला आतला पडदा आणि पांढऱ्याची पातळ खपली चिकटून आली. भूपट्ट नेमके असेच असतात. भूपट्ट म्हणजे नुसत्या भूकवचाचा तुकडा नव्हे, त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा ताठ भागही त्यात येतो. या दोन्हींना मिळून शिलावरण म्हणतात. भूकवच आणि शिलावरण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते चूक आहे.

आता ज्या शब्दानं खरा घोळ केलाय तो: रस. शिलारस, लाव्हारस. रस म्हटलं की आमरस, उसाचा रस. त्यामुळे भूकवचाखाली सगळीकडे उकळता रस भरलाय असं बहुतेकांना वाटतं. मलाही कॉलेज संपेपर्यंत तसंच वाटत होतं. प्रावरण घन आहे. घन असूनही ते वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीनं सरकतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली गुळाची ढेप बघा: हातोडी मारली तर तुकडे उडतात, पण महिन्याभरात ती आपल्याच वजनानं बसते, कडेनं फुगते. प्रावरण त्या ढेपेसारखं. शिलारस त्यात काही ठिकाणीच, थोडासा सुटतो. सह्याद्रीचा काळा पाषाण अशाच सुटलेल्या रसाचा थिजलेला अवशेष आहे. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा त्यातला पहिला किलोमीटरभराहून जास्त भाग हाच पाषाण होता.

रस हा शब्द खरा लागू पडतो तो बाह्यगाभ्याला. तिथे लोखंड वितळलेलं आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि त्या बाह्यगाभ्यापाशी अडतात. गाभा आहे हे 1906 मध्ये लहरींवरून दाखवणारे रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते आणि 1897 चा आसामचा भूकंप त्यांनीच अभ्यासला होता. त्या द्रवाच्या आत पुन्हा एक वेगळा गोळा आहे हे डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी 1936 मध्ये ओळखलं; तो घन आहे हे त्यानंतर कळलं.

इथे अंडं अपुरं पडतं, नारळ तर उलटाच: करवंटी, खोबरं आणि मध्यभागी पाणी. पृथ्वीत पाण्याच्या जागेच्याही आत आणखी एक घट्ट गोळा हवा. मुलीनं विचारलं, सगळ्यांत जास्त उष्णता तिथे, मग ते वितळत का नाही? तेव्हा कुकर कामी आला. दाब वाढला की कुकरात पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही, आणखी तापावं लागतं. तसंच अंतर्गाभ्यावर दाब इतका आहे की 5,000 अंशांच्या वर तापूनही लोखंड घनच राहतं.

भर: खाली प्रतिक्रियांत दोघांनी विचारलंय की पृथ्वीच्या या भागांना 'थर' म्हणावं की 'पदर'. माझं मत थर. पदर सुटतात, पोळीचे, चिरोट्याचे. पृथ्वीचं काही सुटत नाही. पण थर शब्दातही एक अडचण आहे. थर आपण एकावर एक रचतो, बिर्याणीचे रचतो, दहीहंडीचे रचतो. पृथ्वीचे थर कुणी रचलेले नाहीत, ते वेगळे झालेत. सुरुवातीच्या तप्त पृथ्वीत जड लोखंड खाली गेलं, हलकं वर आलं. याला माझ्याकडे एकच उपमा आहे, लोणी कढवणं. काल मुलीला कढईशी उभं केलं. वर फेस, मध्ये तूप आणि तळाशी बेरी. ती म्हणाली, "मग बेरी म्हणजे गाभा?" हो, आणि साखर घालून ती बेरी तिनंच संपवली.

आता मला विचारायचंय ते असं. पावाच्या भाजलेल्या तांबूस कडेला तुमच्याकडे काही मराठी शब्द आहे का? गोव्याकडच्या आणि वसईकडच्या मंडळींनी जरूर सांगा. पाव तुमच्याकडे आमच्यापेक्षा फार आधीपासून भाजला जातोय.