जुन्या ४०७ चा उडालेला रंग घरातल्या वस्तूंनी चकाकेल का?

माणदेशी_गाडी:
टाटा ४०७ मालट्रक, २००५ चं मॉडेल. केबिन कंपनीच्या लाल रंगात आहे, मागचा हौदा (माल भरायचा भाग) नंतर ब्रशने निळं सिंथेटिक इनॅमल मारलेला. गाडी बारा महिने उघड्यावर उभी असते. टप (केबिनचं छत) आणि दारांचा वरचा भाग पांढुरका पडलाय, हात फिरवला की लाल भुकटी बोटांना लागते. हौद्याचे फाळके (बाजूच्या आणि मागच्या फळ्या) नुसतेच मळकट, निस्तेज.
आरटीओ पासिंगला सहा महिने आहेत, तेव्हा पूर्ण रंग होईलच. तोवर गाडी जरा बरी दिसावी एवढंच हवंय. कोणी डिझेल सांगतं, कोणी टूथपेस्ट, कोणी खोबरेल, कोणी जवसाचं तेल. यातलं काय चालेल, किती लागेल, आणि पुढच्या रंगकामाला घोळ होणार नाही असं काय आहे?

लांबी_पेपर:
आधी एक तपासणी. जुनं पांढरं बनियन ओलं करून टपावर वीतभर जागेत जोर देऊन घासा. फडक्याला लाल आलं तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, रंग एकाच थराचा आहे. तुम्ही सांगताय ती भुकटी म्हणजे हाच प्रकार. उन्हाने वरचं रेझिन मरतं, त्याने धरून ठेवलेली रंगाची पूड सुटी होते. ती काढली की खाली जिवंत रंग असतो. फडकं कोरं राहिलं, रंग ढगाळ दिसतोय आणि कडेला पापुद्रे सुटलेत, असं असेल तर क्लिअर गेलंय. तिथे घासून काही हाती लागत नाही.

म्हणजे टपाला तेल नको, घासणं हवंय. मेलेल्या भुकटीवर तेल चोपडलं की ती ओली होऊन गडद दिसते, इतकंच.

धुताना १० लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड पुरे. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर लांब ठेवा. इनॅमलच्या रेझिनमध्ये तेल असतं, क्षाराने त्याचा साबण होतो आणि रंग आणखी खडूसारखा होतो. सर्व्हिसिंगवाले सोडा मारून गाडी 'स्वच्छ' करतात, त्यानंतर महिन्याभरात रंग का उतरला याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

टूथपेस्ट चालते, पण पांढरी. जेल नको. पांढऱ्या पेस्टमधली खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड घासायचं काम करते. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा घ्या, ओल्या सुती फडक्यावर बोराएवढी पेस्ट, आणि पुढे-मागे सरळ रेषेत घासा. पेस्ट सुकायला लागली की दोन थेंब पाणी. फडकं लाल झालं की घडी बदला, नाहीतर निघालेली पूडच परत रंगात चोळली जाते. मग धुऊन पुसा आणि पुढचा तुकडा.

खरं सांगायचं तर टूथपेस्ट आरशामागच्या किंवा हँडलभोवतीच्या छोट्या जागेला ठीक. अख्ख्या टपाला ट्यूबमागून ट्यूब जातील, आणि बीडिंगमध्ये (कडेच्या रबरी पट्टीत) पांढरं सुकून बसतं ते वेगळंच. तेवढ्या पैशात रंगाच्या दुकानातून रबिंग कंपाउंडचा छोटा डबा येतो. काम तेच, पण कण नेमके आणि वेळ निम्मा.

डिझेल_पंप:
एवढा खटाटोप कशाला? बादलीत थोडं डिझेल, फडकं बुडवून सगळीकडे पुसायचं. गाडी नवी दिसते. हायवेवर निम्म्या गाड्यांवर हेच असतं.

लांबी_पेपर:
दिसते, संध्याकाळपर्यंत. डिझेल लवकर उडत नाही, तेलकट थर राहतो आणि पहिल्याच कच्च्या रस्त्यावर सगळी धूळ त्यात बसते. ती पुसायला परत डिझेल, आणि दर पुसण्याला धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर फिरते. काचेच्या रबराला डिझेल लागलं की ते फुगून सैल होतं. डांबराचे ठिपके काढायचे असतील तर रॉकेल किंवा टर्पेंटाइनचा बोळा मिनिटभर दाबून धरा, पुसा, लगेच साबणाने धुवा. त्यापलीकडे उपयोग नाही. एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं जहाल द्रावण) आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर इनॅमलला लावूच नका, रंग सुरकुतून उचलतो.

घाणा_तेल:
तेलांबद्दल. खोबरेल कधीच सुकत नाही. २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे थंडीतल्या पहाटे दारावर पांढरे डाग. सोयाबीन अर्धवट सुकतं आणि चिकट गोंदासारखं होतं, ते काढताना नाकी नऊ येतात. घरगुती तेलांत खरं सुकून कडक थर धरणारं एकच, जवस. तेही घाण्यावरचं कच्चं नको, त्याला कित्येक दिवस लागतात. हार्डवेअरमध्ये 'डबल बॉइल्ड' मागा.

हे टपाला नाही, निळ्या फाळक्यांना चांगलं. तिथला रंग ब्रशचा, खडबडीत, घासून एकसारखा होत नाही. तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात, प्रत्येकी २०० मिलि, दोन्ही बाजूंचे फाळके आणि मागचा मिळून भरपूर झालं. धुतलेल्या, पूर्ण सुकलेल्या रंगावर फडक्याने पातळ लावा. १५-२० मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या, बोट फिरवलं तर तेल लागता कामा नये. इथेच लोक चुकतात. जास्त चकाकी येईल म्हणून जाड थर ठेवतात, त्याची वरची साय धरते, आत ओलं राहतं आणि त्यावर धूळ चिकटते. कोरड्या हवेत एक दिवस गाडी उभी ठेवा. पावसाळ्यात चार दिवसही चिकटपणा जात नाही, तेव्हा नकोच. पांढऱ्या किंवा क्रीम रंगावर हे लावू नका, पिवळं पडतं.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. दोरीवर एकेक पसरून सुकवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. डिझेलच्या टाकीजवळ तर नाहीच.

माणदेशी_गाडी:
मग सहा महिन्यांनी रंग देताना हे जवसाचं तेल आड येणार का? आणि टप घासल्यावर वर काय लावू?

बूथ_मिस्त्री:
जवस नीट सुकलेलं असेल तर घोळ नाही. पेंटरला आधी सांगा, म्हणजे तो टर्पेंटाइनने पुसून पाणी पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) जरा जास्त मारेल. घोळ होतो तो डॅशबोर्ड-टायर चमकवायच्या सिलिकॉनच्या बाटल्यांनी. तो स्प्रे पत्र्यावर एकदा उडाला की नवा रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि पेपर मारून ते सिलिकॉन निघत नाही, उलट सगळीकडे पसरतं. सहा महिने ती बाटली केबिनबाहेर वापरू नका.

घासलेला टप उघडा ठेवलात तर महिन्या-दोन महिन्यांत परत भुकटी. त्याला मेण हवं. गाडीचं साधं, सिलिकॉन नसलेलं वॅक्स सगळ्यात बरं. घरातलंच हवं तर बिनरंगाचं बूट पॉलिश, त्यात मेण आणि टर्पेंटाइनसारखं द्रावणच असतं. अगदी पातळ लावा, दहा मिनिटांनी फ्लॅनेलने घासा. मेणबत्ती किसून गॅसवर टर्पेंटाइनमध्ये वितळवायचे जे व्हिडिओ फिरतात ते करू नका, भडका उडतो.

घासताना टपाच्या कडा, दाराची घडी, स्क्रूभोवतीची जागा यांना हलका हात, तिथे रंग मुळातच पातळ असतो. फडक्यावर लालऐवजी राखाडी किंवा विटकरी आलं की थांबा, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) लागला. काही लाल रंगांत भुकटी काढली तरी खाली गुलाबीसर राहतं. तिथे रंगद्रव्यच उन्हाने उडालेलं असतं, ते कशानेही परत येत नाही.

कोरडं घासू नका. जुन्या लाल-पिवळ्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, कायम ओलंच घासा आणि ते पाणी जनावरांच्या पिण्याच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

घाणा_तेल:
रिफ्लेक्टर टेप राहिली. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. तिला कंपाउंड, टर्पेंटाइन, जवस काहीच लागू देऊ नका, चमक मरते आणि पासिंगला तीच बघतात. आधी वरून मास्किंग टेप मारा. फाळक्यावर हाताने रंगवलेली अक्षरं असतील तर तिथे घासायचं नाही, फक्त तेलाचं फडकं.