तार ओढत नाहीत, तोडतात
एकाच रेणूतून विजेचा प्रवाह कसा मोजतात, यावर इथे चर्चा चालू आहे. त्यात कोणी विचारलंय की त्यासाठी लागणारी अणूइतकी बारीक तार ओढतात तरी कशातून. मी रविवार पेठेतला, लहानपणी सोनाराकडे भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढताना तासन्‌तास बघितलंय, त्यामुळे माझ्याही मनात आधी तेच आलं होतं. पण इथे उलटं आहे. मधोमध खाच पाडलेली सोन्याची तार लवचीक पट्टीवर चिकटवतात आणि पट्टी खालून हळूहळू वाकवतात. खाचेची मान ताणत ताणत शेवटी एका अणूची उरते. तेव्हा तारेतून जाणारा विजेचा प्रवाह सावकाश उतरत नाही, पायऱ्यांनी उतरतो. एका अणूच्या दुव्याचा रोध सुमारे १२.९ किलोओहम! मग तार तुटते, आणि दोन टोकांत नॅनोमीटरभर फट पडते. आजूबाजूचा एखादा रेणू तिच्यात पूल होऊन बसला, तर प्रवाहात आणखी एक छोटी पायरी दिसते. रेणूच्या दोन्ही टोकांना गंधक असलं तर उत्तम, ते सोन्याला घट्ट धरतं. १९९७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मार्क रीड यांच्या गटाने बेंझीनच्या अशाच रेणूवर हा प्रयोग केला होता.

एका मोजणीवर मात्र कोणी विश्वास ठेवू नये. तार हजारो वेळा जोडून-तोडून आलेख काढावा लागतो. आणि या चर्चेत कोणी अशा पायरीवरून 'रेणू ओळखला' असं जे म्हटलंय, ते मला जरा जास्तच वाटतं. पायरीवरून काहीतरी बसलंय एवढं कळतं, पण दोन वेगळ्या रेणूंची पायरी सारखीही असू शकते. नाव-गाव हवं असेल तर त्याच फटीवर लेझर टाकून रामन वर्णपट घ्यायचा, म्हणजे रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचे रंग तपासायचे; ते रेणूगणिक वेगळे असतात.