आईचा डिमेन्शिया, नागिणीची लस आणि बी१२ - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई ७३ वर्षांची, डायबेटिस जुना, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. दिवाळीनंतर विसरणं फारच वाढलंय. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडायची सवय तिला, आता एकाच तारखेवर तीन-तीन फुल्या असतात आणि महिनाअखेरीला दूधवाल्याशी भांडण. न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरची सुरुवात म्हणून डोनेपेझिल ५ दिलंय.

अमेरिकेतला दादा रोज काहीतरी पाठवत असतो, अमुक औषध मेंदूलाही चालतं म्हणे. आधी सेमाग्लुटाइडच्या (डायबेटिस आणि वजन कमी करायचं औषध, भूक मारतं) मागे लागला होता, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या दोन मोठ्या ट्रायल्सचा निकाल आला, सुरुवातीच्या अल्झायमरचे ३८०० च्या आसपास पेशंट होते आणि आजार काही मंदावला नाही, त्यामुळे तो विषय मी बंद केला (तशीही आई काडी झालीये, तिची भूक अजून काय मारायची).

आता त्याचं नागिणीच्या लशीचं चालू आहे आणि हे मला जरा पटतंय. वेल्समध्ये २०१३ ला लस सुरू केली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच मिळायची, त्याआधीच्यांना कधीच नाही, म्हणजे आठवडाभराने मोठा असलेला माणूस हुकला, बाकी दोघं सारखेच. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया साधारण २० टक्क्यांनी कमी निघाला, बायकांमध्ये फरक जास्त. पण ती जुनी जिवंत विषाणूची लस होती, आपल्याकडची शिंग्रिक्स वेगळी, दोन डोसची आणि चांगलीच महाग. शिवाय ते लोक सुरुवातीला डिमेन्शिया नसलेले.

तर, निदान झाल्यावर घरात कुणाला ही लस दिलीये का? फॅमिली डॉक्टर म्हणतात नागीण टळेल म्हणून तरी द्या. पण डोसनंतर ताप-अंगदुखी येते, त्यात गोंधळ वाढला का, रात्री कुणाला जागावं लागलं का?

दुसरं, मेटफॉर्मिनने बी१२ कमी होऊ शकतं, त्यात आई पक्की शाकाहारी, आणि बी१२ कमी असलं की विसरायला होतं, तरी आजवर कुणी ते तपासायला सांगितलंच नाही. उद्या रक्त देतोय. कमी निघून इंजेक्शन्स घेतलेल्यांनी फरक कितपत आणि किती दिवसांत पडला ते सांगा. खाज येते म्हणून ती झोपताना ॲलर्जीची जुनी गुंगीवाली गोळीही घेते, तिने विसरणं वाढतं असं वाचलंय, बदलून कुणाला काय दिलं?

ब्राह्मी, शंखपुष्पी, भिजवलेले बदाम मावशीकडून आलेले आहेत, ते सोडून बोला.